गेम आपला, शेवटचा शब्द कोणाचा?

१० सप्टेंबर २०२० रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ सालच्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती जाहीर केली. ती कोण बनवत आहे हेही त्याच वेळी सांगितले गेले: कंपनीचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ. पुण्याचा स्टुडिओ युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून घेतला होता, मुंबईचा २०१८ मध्ये सुरू झाला. तोवर आपल्याकडच्या बहुतेक कलाकारांनी आणि प्रोग्रामरांनी परदेशी गेमांसाठी झाडे, गाड्या, चिलखते घडवून दिली होती, चुका शोधून दिल्या होत्या, एका यंत्रावरचा गेम दुसऱ्या यंत्रावर चालता करून दिला होता. इतक्या मोठ्या नावाच्या गेमचे सुकाणू मात्र त्यांच्या हाती कधी आले नव्हते.

पहिली झलक लोकांना आवडली नाही. चेहरे जुनाट वाटले, रंग फिके वाटले, आणि समाजमाध्यमांवर जे बोलले गेले त्यात टीका कमी आणि हिणवणे जास्त होते. २१ जानेवारी २०२१ ही ठरलेली तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत. ३ मे २०२२ रोजी कंपनीने जाहीर केले की हे काम आता मूळ गेम जिथे जन्मला त्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे जाईल. तिथेही ते तडीला गेले नाही. जानेवारी २०२६ मध्ये गेम रद्दच झाला.

'आपल्या लोकांना जमले नाही' एवढ्यावर हा विषय मिटवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही, कारण मॉन्ट्रियललाही तो गेम बाजारात आणता आला नाही. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. मुंबई-पुण्यातल्या माणसांनी काही वर्षे राबून जे घडवले, त्याचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांना पहिल्या दिवसापासून नव्हता. पात्र कंपनीचे, नाव कंपनीचे, पैसा कंपनीचा, आणि स्टुडिओही कंपनीचाच. एका निवेदनाने काम एका खंडातून दुसऱ्या खंडात जाते. गेम बनवणाऱ्याला किती मोकळीक मिळते, हा प्रश्न म्हणूनच स्वभावाचा किंवा सौजन्याचा नाही. तो मालकीचा आहे. आणि तो सगळ्यात उघडपणे दिसतो कन्सोल, म्हणजे गेम खेळायचे यंत्र, बनवणाऱ्या तीन कंपन्यांच्या व्यवहारात: सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो.

या व्यवहाराचे गणित समजायला नाटकवाल्यांचे जग उपयोगी पडते. बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास किंवा पार्ल्याचे दीनानाथ यांपैकी एखादे नाट्यगृह एखाद्या निर्मात्याच्याच मालकीचे असते तर काय झाले असते? तारखा तोच देणार, तिकिटातला वाटा तोच घेणार, संहिता आधी त्यालाच दाखवायची, आणि शनिवार-रविवारच्या तारखांना त्याच्या स्वतःच्या कंपनीचे नाटक. कन्सोलचा धंदा असाच चालतो. यंत्र बहुधा थोड्या नफ्यावर, कधी तोट्यातही विकले जाते. कमाई होते ती त्या यंत्रावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे मिळणाऱ्या वाट्यातून, आणि डिजिटल दुकानात तो साधारण ३० टक्के धरला जातो. पण लोकांनी मुळात आपलेच यंत्र घ्यावे म्हणून दुसरीकडे न मिळणारे गेम लागतात. ते हमखास मिळावेत यासाठी कंपन्या स्टुडिओ विकत घेतात. म्हणजे स्टुडिओची खरेदी ही बरीचशी यंत्राच्या विक्रीची सोय असते, आणि यंत्राचे गणित बदलले की स्टुडिओचे नशीब बदलते.

यंत्राचा मालक आणि गेम बनवणारा यांच्यातल्या भांडणाचा उगम १९७९ सालात आहे. तेव्हा अटारी ही कंपनी यंत्रही बनवायची आणि त्यावरचे गेमही. गेमवर बनवणाऱ्याचे नाव टाकायचे नाही हा तिथला दंडक होता. वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रामरने 'अ‍ॅडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली बनवून तिच्यात स्वतःचे नाव लपवले. त्याच वर्षी अटारीतून बाहेर पडलेल्या चार प्रोग्रामरांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. यंत्र एकाचे आणि गेम दुसऱ्याचा, हा धंदाच तिथून सुरू झाला. पण दार सताड उघडे राहिल्याने बाजारात इतका फालतू माल आला की १९८३ मध्ये अमेरिकेतला सगळा बाजार कोसळला.

निन्टेंडोने त्यातून धडा घेतला आणि दाराला कुलूप बसवले. अमेरिकेत १९८५ मध्ये आलेल्या तिच्या यंत्रात एक चिप होती. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर गेम चालत नसे, आणि ती चिप फक्त निन्टेंडोकडेच मिळे. बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची मुभा होती. कॅसेटही निन्टेंडोकडूनच, आगाऊ पैसे भरून बनवून घ्याव्या लागत. आशयावरही नजर असे: रक्त नको, धार्मिक चिन्हे नकोत. जपानी गेममधले थडग्यांवरचे क्रूस अमेरिकेत पुसले गेले. १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आला तेव्हा निन्टेंडोच्या यंत्रावर रक्ताचा घाम झाला. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीच्या यंत्रावर एक कोड घातला की रक्त दिसे, आणि सेगाची आवृत्ती जास्त खपली. पुढच्याच वर्षी निन्टेंडोने रक्ताला परवानगी दिली. कंपन्यांची नीती बाजाराच्या आकड्यापुढे किती टिकते, हे या उदाहरणाइतके स्वच्छ कुठे दिसत नाही.

याच काळात आमच्या मुंबईच्या उपनगरांत काय होते? घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या घरांत नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडला गेलेला 'व्हिडिओ गेम' म्हणजे बहुतेक वेळा निन्टेंडोच्या जपानी यंत्राची नक्कल. '९९९९ इन वन' असे छापलेली कॅसेट, तिच्यात मारिओ, काँट्रा आणि तेच तेच गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा. त्या यंत्रांना कुलूपही नव्हते आणि कोणाची परवानगीही लागत नव्हती. ते स्वातंत्र्य खेळणाऱ्यांचे होते. बनवणाऱ्याला त्यातून एक पैसाही जात नव्हता, म्हणून त्या पिढीतल्या एखाद्या हुशार मुलाने इथे बसून त्या यंत्रासाठी गेम लिहावा अशी वाटच तयार झाली नाही. कुलूप जाचक असते हे खरे, पण कुलूपच नसलेल्या बाजारातही निर्माता जगत नाही. ही दुसरी बाजू स्वातंत्र्याविषयी बोलताना आपण विसरतो.

आता मालक आणि स्टुडिओ यांच्यातला रोजचा व्यवहार कसा चालतो ते पाहू. 'असे करू नका' असा हुकूम क्वचितच येतो. आधी कल्पना मांडायची. ती पसंत पडली तर छोटा नमुना करायचा. मग गेमचा एक तुकडा, दहा-पंधरा मिनिटांचा, अगदी तयार गेमच्या दर्जाचा बनवून दाखवायचा. तो पाहून पुढचा पैसा मंजूर होतो, आणि तोही टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याचे काम तपासून. कंपनीचा एक प्रोड्युसर सतत संपर्कात असतो. चाचणीला बोलावलेले लोक कुठे अडतात, कुठे कंटाळतात याचे अहवाल येतात. या साखळीत कुठेही पैसा थांबला की गेम थांबतो. कोणी 'नाही' म्हणत नाही, फक्त पुढचा हप्ता येत नाही. पगार महिन्याच्या महिन्याला द्यायचे असतात. त्यामुळे स्टुडिओ स्वतःच आपल्या धाडसी कल्पनांना कात्री लावायला शिकतो. माझ्या मते सगळ्यात खोल नियंत्रण हेच आहे, कारण ते बाहेरून दिसत नाही.

तरीही मालकाचा हस्तक्षेप म्हणजे वाईटच, असे म्हणता येत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या रेट्रो स्टुडिओजचे उदाहरण घ्या. १९९८ मध्ये निन्टेंडोच्या मदतीने तो सुरू झाला आणि एकदम अनेक गेम हातात घेऊन गोंधळात सापडला. २००० साली मारिओचा जनक शिगेरु मियामोतो तिथे गेला. चाललेले काम त्याला फारसे रुचले नाही. त्याने 'मेट्रॉइड' ही जुनी मालिका पुढे केली आणि गेम नायिकेच्या डोळ्यांतून दिसावा असे सुचवले. बाकीचे गेम एकेक करून बंद झाले. आतल्या लोकांना हा बदल सुरुवातीला जड गेला. २००२ मध्ये 'मेट्रॉइड प्राइम' आला आणि त्या दशकातल्या सर्वोत्तम गेमांत गणला गेला. इथे मालकाच्या बाजूने बोलणारा माणूस स्वतः गेम बनवणारा होता. मला हा फरक निर्णायक वाटतो. कारागिराने कारागिराचे काम नाकारणे वेगळे आणि आकड्यांच्या तक्त्याने नाकारणे वेगळे.

मायक्रोसॉफ्टच्या इतिहासात दोन्ही प्रकार आहेत. २००२ मध्ये तिने इंग्लंडमधला रेअर हा नामांकित स्टुडिओ ३७.५ कोटी डॉलरना घेतला. पुढे किनेक्ट हा हालचाल टिपणारा कॅमेरा विकायचा होता तेव्हा या कल्पक स्टुडिओला मैदानी खेळांचे गेम बनवायला बसवले गेले. स्वतःच्या कल्पनेचा 'सी ऑफ थीव्ह्ज' काढायला त्याला २०१८ उजाडावे लागले. २००६ मध्ये घेतलेला लायनहेड दहा वर्षांनी बंद केला गेला. उलट २०१९ मध्ये डबल फाइन घेतल्यावर पैशाअभावी 'सायकोनॉट्स २' मधून कापलेले भाग परत बसवता आले, आणि २०२१ मध्ये तो गेम मूळ कल्पनेच्या जास्त जवळ जाऊन बाहेर आला. हे वाचून बरे वाटते न वाटते तोच जपानचा टँगो गेमवर्क्स आठवतो. त्यांचा 'हाय-फाय रश' जानेवारी २०२३ मध्ये आला, वाखाणला गेला, पुरस्कार मिळाले; आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ बंद करत असल्याचे जाहीर केले. काही महिन्यांनी क्राफ्टन या कोरियन कंपनीने त्याला आधार दिला. त्याआधीच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड खरेदी करायला सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजले होते. अटारीला कंटाळून बाहेर पडलेल्या चौघांची कंपनी अशी शेवटी कन्सोलवाल्याच्याच घरी गेली. आणि इतक्या मोठ्या घरात एका लहान स्टुडिओने चांगले काम करणे हे त्याच्या जगण्याला पुरेसे कारण राहिले नाही.

सोनीची कीर्ती मोकळीक देणारी म्हणून होती, आणि ती बरीचशी खरी होती. २००१ मध्ये घेतलेल्या नॉटी डॉगला वेळ आणि पैसा दोन्ही मिळाले, त्यातून २०१३ चा 'द लास्ट ऑफ अस' आला. पण २०२२ च्या सुमारास कंपनीने ठरवले की वर्षानुवर्षे चालणारे, खेळणाऱ्याकडून पुन्हा पुन्हा पैसे घेणारे ऑनलाइन गेम हवेत, दहाहून अधिक हवेत. त्याच वर्षी बंजी हा स्टुडिओ ३.६ अब्ज डॉलरना घेतला आणि तो स्वतंत्र राहील असे सांगितले. दोन वर्षांनी तिथल्या २२० जणांची नोकरी एकदम गेली. 'काँकॉर्ड' हा गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओ बंद झाला. नॉटी डॉगने मात्र डिसेंबर २०२३ मध्ये आपला ऑनलाइन गेम स्वतःच थांबवला होता. तो चालवायला घेतला तर कथेचे गेम करण्याचे आपले बळच संपेल, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्यांना हे म्हणता आले, कारण मागे यशाची पुंजी होती. नव्या स्टुडिओकडे ती नसते.

आपल्याकडे सोनीचा प्रवेश प्लेस्टेशन २ च्या काळात झाला. यंत्र स्वस्त होत गेले आणि इथल्या मुलांसाठी इथलेच गेम हवेत असे कंपनीला वाटले. हैदराबादेत 'हनुमान: बॉय वॉरियर' बनला, मुंबईच्या ट्राइन स्टुडिओने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' केला, आणि २०११ मध्ये शाहरुख खानच्या चित्रपटाबरोबर 'रा.वन' चा गेमही. पैसा होता, मोठे नाव होते, पण चित्रपटावरच्या गेममध्ये नायक ठरलेला, गोष्ट ठरलेली, आणि प्रदर्शनाच्या तारखेआधी काम संपवायचे. अशा बंधनात कोणताही स्टुडिओ स्वतःचा आवाज शोधू शकत नाही. त्या पिढीच्या गेमांवर कठोर बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

खरा फरक पडला तो दार किलकिले झाल्यावर. २०१२ मध्ये 'फेझ' या छोट्या गेमच्या निर्मात्याने दुरुस्तीची आवृत्ती पुन्हा सादर करायला नकार दिला होता, कारण मायक्रोसॉफ्टकडून ती नव्याने तपासून घ्यायला हजारो डॉलर लागत. पुढच्या वर्षी ते शुल्क गेले, आणि प्रकाशक नसलेल्या छोट्या स्टुडिओलाही कन्सोलवर गेम आणता येऊ लागला. युनिटी, अनरिअल ही गेम बनवण्याची साधने सुरुवातीला पैसे न भरता मिळू लागली. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' याच वाटेने आला. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. पण गेम त्यांचा होता: सर्कशीतली मुलगी, तिचा पळवून नेलेला भाऊ, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडणारी गोष्ट, सावल्यांच्या बाहुल्यांचे प्रवेश. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो सर्वांआधी निन्टेंडो स्विचवर आला, बाकीच्या यंत्रांवर १५ ऑक्टोबरला. आरंभीचे हे दोन महिने निन्टेंडोसाठी राखून ठेवणे हीही एक बांधिलकीच होती, आणि ज्या यंत्रावर तो आला ते भारतात कंपनी अधिकृतपणे विकतही नव्हती. तरी एके काळी थडग्यावरचा क्रूस पुसणाऱ्या कंपनीच्या दुकानात दुर्गेचे मंदिर जसेच्या तसे उभे राहिले. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी 'राजी'ला नामांकन मिळाले.

मुंबईतले ताजे उदाहरण आहे 'मुक्ती'. वैभव चव्हाण यांच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा हा गेम एका संग्रहालयात घडतो आणि माणसांच्या तस्करीसारख्या विषयाला हात घालतो. सोनीने २०२३ मध्ये सुरू केलेल्या इंडिया हीरो प्रोजेक्टमध्ये त्याची निवड झाली. चीनमध्ये अशीच योजना तिने आधी राबवली होती: निवडक स्टुडिओंना पैसा, तंत्रज्ञांचा सल्ला आणि प्रसिद्धी द्यायची. विकत घेण्यापेक्षा हे नाते मला निकोप वाटते. हाणामारी नसलेला, तस्करीवरचा गेम कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आतल्या बैठकीत सहज मंजूर झाला असता असे मला वाटत नाही. तो बाहेरून आला, कारण बाहेर कोणाला तरी तो सांगावासा वाटला. तरी सोनीच्या यंत्रावर येताना शेवटची तपासणी सोनीचीच असते: गेम बंद पडतो का, कंट्रोलर सुटला तर काय होते, साठवलेला खेळ सुरक्षित राहतो का. ही तांत्रिक तपासणी योग्यच आहे. त्याच दारात आशयाचीही तपासणी होऊ शकते, याचे भान मात्र असावे.

दुसऱ्यासाठी माल घडवण्याची आपली रीत मात्र जुनी आहे. अंधेरीत सीप्झ ही औद्योगिक वसाहत १९७३ मध्ये उभी राहिली ती निर्यातीसाठी. परदेशी मागणीनुसार माल बनवायचा, बाहेर पाठवायचा. याच उपनगरात नंतर अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमचे काम याच रीतीने वाढले. त्या कामाने हजारो घरे चालवली, हात तयार केले, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण दुसऱ्याच्या गेममधली झाडे कितीही सुंदर केली तरी ती विकत घेणाऱ्याची होतात, आणि पुढच्या वर्षी तेच काम दुसऱ्या शहरात स्वस्तात होऊ लागले की तिकडे जाते.

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचे कायमचे आवार व्हायचे आहे. या पैशाचा हिशेब किती नोकऱ्या झाल्या, किती चौरस फूट जागा बांधली एवढ्यावर ठेवू नये. अनुदान देताना एक अट घालावी: ज्या गेमला सरकारी पैसा लागला त्याच्या कथेचे, पात्रांचे आणि नावाचे हक्क इथल्या स्टुडिओकडेच राहतील, आणि पुढे विकायचे झाले तर निर्मात्यांचा वाटा लेखी ठरलेला असेल. बोरिवली-मुलुंडमधून या क्षेत्रात उतरणाऱ्या तरुणांनाही तेवढेच सांगावेसे वाटते. कन्सोल कंपनीचा पैसा जरूर घ्या, प्रसिद्धी घ्या, तंत्र शिका. सही करण्याआधी हक्कांचे कलम वकिलाकडून वाचून घ्या.